हुकूमशाहीला मिळालेली लोकशाहीची साथ कशी तपासावी

लोकशाही राष्ट्रे परक्या देशांतील हुकूमशहांना साथ का देतात, या प्रश्नावर सरसकट विधाने करून फारसे काही हाती लागत नाही. ज्याची सरकारी कागदपत्रे खुली झाली आहेत असे एकच प्रकरण निवडावे आणि ते तारीखवार तपासावे. मराठी वाचकाला १९७१ मधील अमेरिका आणि पाकिस्तानचे लष्करशहा याह्याखान यांचे प्रकरण सर्वांत सोयीचे आहे, कारण त्याची झळ भारताला बसली आणि त्यावरील दस्तऐवजांचा अमेरिकी परराष्ट्र खात्याने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला खंड इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो.

आधी राजवटीचे स्वरूप नोंदवावे. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत पूर्व पाकिस्तानातील (आजच्या बांगलादेशातील) अवामी लीग या पक्षाला पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीत स्पष्ट बहुमत मिळाले होते. याह्याखान यांनी तिचे अधिवेशन पुढे ढकलले आणि २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात लष्कर रस्त्यावर उतरले. मतदारांचा कौल बंदुकीच्या बळावर मोडला गेला होता, हे पुढचा प्रत्येक कागद वाचताना ध्यानात ठेवावे.

मग वहीत दोन रकाने आखावेत: डावीकडे सरकारला काय कळले होते, उजवीकडे सरकारने काय केले. 'आम्हाला कल्पना नव्हती' हा बचाव या एका पानावर टिकतो किंवा कोसळतो, म्हणून माझ्या मते साऱ्या तपासणीचा गाभा हाच आहे. डाव्या रकान्यात २८ मार्चची तार येईल, जिच्यात ढाक्यातील अमेरिकी वाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी निवडक वंशसंहार चालू असल्याचे कळवले होते. त्याखाली ६ एप्रिलची तार येईल. तिच्यात ढाक्यातील वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी आपल्याच सरकारच्या मौनावर सह्यांनिशी आक्षेप घेतला आणि ब्लड यांनी त्याला दुजोरा दिला. उजव्या रकान्यात राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांचे २८ एप्रिलचे टिपण लिहावे, ज्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी याह्यांवर सध्या दबाव आणू नका, असा शेरा स्वतःच्या हाताने मारला. या टिपणाच्या आदल्याच दिवशी, २७ एप्रिलला, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांचा अमेरिकेशी संपर्क साधणारा निरोप पाकिस्तानमार्फत व्हाइट हाऊसला पोहोचला होता. हे दोन दिवस शेजारी मांडले की धोरणामागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर शब्द बाजूला ठेवून वस्तूंचा माग काढावा. मार्चनंतर पाकिस्तानला शस्त्रे जात नसल्याचा समज अमेरिकी अधिकाऱ्यांच्या निवेदनांतून झाला होता, परंतु आधी दिलेल्या परवान्यांवर माल घेऊन जहाजे निघत असल्याची बातमी जूनमध्ये न्यू यॉर्क टाइम्सने दिली. उरलेले परवाने नोव्हेंबरमध्ये रद्द झाले. डिसेंबरमध्ये जॉर्डनची लढाऊ विमाने पाकिस्तानला मिळावीत यासाठी व्हाइट हाऊसने पुढाकार घेतला, तोही हे हस्तांतर कायद्यात बसत नाही असा सल्ला मिळालेला असताना.

लिहिताना 'अमेरिका' हा कर्ता शक्यतो टाळावा. ढाक्यातील वाणिज्य दूतावास, परराष्ट्र खाते, काँग्रेस (अमेरिकी संसद) आणि व्हाइट हाऊस यांची मते एक नव्हती. सिनेटर एडवर्ड केनेडी ऑगस्टमध्ये भारतातील निर्वासितांच्या छावण्या पाहून गेले आणि त्यांनी सरकारवर उघड टीका केली. ब्लड यांची मात्र ढाक्याहून बदली झाली. लोकशाहीने हुकूमशहाला साथ दिली असे म्हणताना तिच्यातील कोणी दिली आणि कोणी विरोध केला, हे सांगणे लेखकाचे कर्तव्यच आहे. निर्वासितांच्या मदतीसाठी अमेरिकेने भारताला साहाय्य दिले, हेही प्रामाणिकपणे नोंदवावे.

सांगितलेले कारण प्रत्येक तारखेला लावून पाहावे. चीनशी संपर्काचा दुवा म्हणून पाकिस्तान हवा होता, हे एप्रिलपुरते पटते. जुलैमध्ये किसिंजर इस्लामाबादमार्गे गुपचूप पेकिंगला (बीजिंगला) जाऊन आले आणि पॅरिसमार्गे चीनशी थेट संपर्काची सोय झाली; तरीही डिसेंबरमध्ये भारत-पाक युद्धाच्या वेळी 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडण्यात आली. तेव्हा दुव्याची गरज उरली नव्हती, म्हणून तिथे दुसरे कारण शोधावे लागते: मित्राला वाऱ्यावर सोडत नाही, हे चीनला दाखवणे. एकाच कारणावर सारे वर्ष निभावून नेणारे लेखन मला अपुरे वाटते.

हीच पद्धत आपल्या देशालाही लावावी. भारताने म्यानमारच्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना नेहरू पुरस्कार दिला, पुढे २०१० मध्ये तिथले लष्करशहा थान श्वे यांचे दिल्लीत स्वागत केले आणि २०२० मध्ये म्यानमारच्या नौदलाला 'सिंधुवीर' ही पाणबुडी दिली. ईशान्येकडील बंडखोर आणि चीनचा वाढता वावर ही त्यामागची कारणे खरी आहेत. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतरच्या प्रत्येक निर्णयाला ती कितपत लागू पडतात, हे मात्र पुन्हा दोन रकाने आखूनच ठरवावे लागेल.