गेलेडे बघताना नजर घोट्यांवर ठेवा

बेनिनमधलं केतू असो की नैऋत्य नायजेरियातलं एखादं योरुबा गाव, गेलेडे, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचा मुखवट्यांचा नाच, बहुधा बाजाराच्या चौकात होतं. बाजार बायकांचा, आणि हा सगळा खटाटोप 'आमच्या आयांना', म्हणजे गूढ शक्ती असलेल्या म्हाताऱ्या बायकांना आणि पूर्वज स्त्रियांना, खूश ठेवण्यासाठी. त्या रुसल्या तर दुष्काळ, रोगराई. नाचतात मात्र पुरुष.

आदल्या रात्री एफे असतं. एफे म्हणजे थट्टा. गायक गावातल्या भानगडी चव्हाट्यावर आणतो. त्याआधी एकेक सोंग येऊन जातं: आराबी चौक झाडतो, अग्बेना डोक्यावर आग घेऊन येतो, मग अपाना आला की सगळे दिवे विझतात. तेव्हा मोबाइल खिशातच राहू द्या.

दुसऱ्या दुपारी ढोलांजवळची जागा धरा. ढोल साधारण चार. त्यांतला मोठा इयालू, आई-ढोल, हाच बोलतो. योरुबात स्वर उंच, मधला की खालचा यावर शब्दाचा अर्थ ठरतो, म्हणून इयालू अख्ख्या ओळी वाजवून 'म्हणू' शकतो. नर्तकाच्या घोट्यात धातूचे वाळे असतात. ओळ संपते त्याच ठोक्याला वाळेही गप्प झाले पाहिजेत. समेची सवय असलेल्या कानाला हे पटकन कळेल. एक खणखणाट मागे राहिला की चूक झाकता येत नाही.

मुखवटा एकाच ओंडक्यातून कोरलेला, पण तो चेहऱ्यावर नसतो. टोपीसारखा डोक्यावर बसतो. खाली चेहऱ्यावर पातळ कापड, त्यातूनच दिसतं. मुखवटा नीट बसला नसेल तर तो पुढे कलतो, कापड सरकतं, पाऊल चुकतं. बाईचं सोंग असेल तर लाकडी स्तन, कमरेचा घेर फुगवलेला, वर बायकांकडूनच मागून आणलेली वस्त्रं. आत कोण आहे हे गुपित नसतं. एगुनगुन या योरुबांच्याच दुसऱ्या मुखवटा-विधीचं वेगळं: तिथे पूर्वजच आले असं मानतात, कापडाला हात लावायचा नाही.

आधी पोरं नाचतात. लोक तेव्हा गप्पा मारत असतात, पण कान तयार करायची वेळ हीच, कारण त्यांच्या चुका ढोबळ असतात. मुरलेले नर्तक नंतर, बहुतेकदा एकसारख्या मुखवट्यांच्या जोडीने येतात. तेव्हा क्षणभर डोळे मिटा: दोघांच्या वाळ्यांचा आवाज एकच यायला हवा.