ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत काम करायचंय? मग हे आधी वाचा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) होत आलंय, मुलांच्या संस्थेत जायचंय, काय तयारी करू असं विचारणारे मेसेज सारखे येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मी बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत काम करते, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

नवीन आलेल्यांना वाटतं गाणी, गोष्टी, चित्रं असं काहीतरी काम असेल. ते असतंच, पण खरा वेळ जातो तो मुलाचं नाव पटावर टिकवण्यात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे नवराबायकोच्या जोड्या, दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिललाच परत येतात, तोवर पोरगं गावच्या शाळेत गैरहजर आणि कारखान्याजवळच्या शाळेला ते आहे हेच माहीत नाही. गावातून निघतानाच शिक्षण हमी कार्ड (दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून गावची शाळा देते ते) घेतलं, किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे ठेवायची सोय झाली, तर वर्ष वाचतं. तिकडचे गुरुजी "दाखला आणा मग बघू" म्हणाले तर भांडायचं नाही, आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९, त्याची प्रिंट पुढे ठेवायची. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, टीसीला उशीर झाला म्हणूनही नाही, आणि वयानुसार वर्गात बसवायचं असतं. केंद्रप्रमुखांशी (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) आधीच चांगलं ठेवलं असेल तर प्रिंट काढायचीसुद्धा वेळ येत नाही.

कोप्यांवर, म्हणजे कामगारांच्या झोपड्यांवर, जायचं तर सकाळी दहाला जाऊन उपयोग नाही, आईबाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले असतात. घरी आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर धाकटं, तिला वर्गात बोलवायचं म्हणजे बाळासकट बोलवायचं, त्यामुळे बाळाची सोय नसलेला वर्ग कागदावरच चालतो हे माझं स्पष्ट मत आहे.

अपंग मुलं तर इथे सहज सुटतात. वर्गात एक मुलगी कायम आडवी बसायची, एकच कान बाईंकडे करून, आणि सगळे तिला हट्टी म्हणायचे. अशी मुलं दिसली की समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेच्या विशेष शिक्षकांना कळवा, जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व येतं, पण बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं, आणि रुग्णालयाची चक्कर म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा सोबत कोण जाणार हे आधी ठरवा.

आता संरक्षणाचं, इथे हयगय चालत नाही. लैंगिक अत्याचाराचं नुसतं कानावर आलं तरी पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) २०१२ खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर आपल्याला शिक्षा आहे. गावातली माणसं मिटवू म्हणतील, आपण मध्यस्थ व्हायचं नाही. मुलाला तेच तेच दहा वेळा विचारायचं नाही, ते सांगेल तेवढं त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. निराधार सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं, "आमच्याकडे राहू दे दोन दिवस" हा चांगुलपणा कायद्यात बसत नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या माणसाचा नंबरही ठेवा. हंगामाच्या तोंडावर बालविवाह जमतात कारण जोडी झाली की कोयता वाढतो, खेड्यात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी द्या.

आणि फोटो! संरक्षणाच्या अशा प्रकरणातल्या मुलाचं नाव, गाव, शाळा, चेहरा काहीही स्टेटसला टाकायचं नाही, बालन्याय कायद्याने गुन्हा आहे. डोनरला फोटो हवा असेल तर भिंतीवरच्या चित्रांचा पाठवा.

पगार बेताचा, तोही प्रोजेक्ट असेपर्यंत, सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचं, वर्ष संपलं की जीव टांगणीला. इंटरव्ह्यूत निधी कधीपर्यंत आहे, पोलीस व्हेरिफिकेशन करता का, बाल संरक्षण धोरण लेखी आहे का हे बिनधास्त विचारा, नाही म्हणाले तर दुसरी संस्था बघा. दुचाकी येत असेल तर फार बरं. अर्ज पावसाळ्यातच करा, संस्था माणसं ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी घेतात, आणि यंदा दिवाळीला यायला जमणार नाही हे घरी तेव्हाच सांगून टाका.