अवघड खेळाचा रिमेक : आधी मोजमाप, मग रंगकाम

अवघड म्हणून गाजलेल्या एखाद्या जुन्या फँटसी अ‍ॅक्शन गेमचा नव्या कन्सोलसाठी रिमेक करायचे ठरले, की टीममधील पहिली चर्चा हमखास चित्रांवर होते. दगडी भिंतींचा पोत कसा दिसेल, चिलखतावर मशालीचा उजेड कसा पडेल, धुके किती दाट असावे, यांवर आठवडेच्या आठवडे जातात आणि तलवारीचा वार नेमक्या कोणत्या क्षणी लागतो, हा प्रश्न काम निम्मे झाल्यावर कोणाला तरी आठवतो. हा क्रम उलटा करावा, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. असा गेम ज्यांनी मनापासून खेळला आहे, त्यांच्या बोटांत त्याचा ठेका बसलेला असतो. तो ठेका चुकला, तर कितीही देखणा रिमेक त्यांना परका वाटतो.

डोळ्यांसमोर एक ठोस उदाहरण असलेले बरे, म्हणून येथे मुख्यतः ‘डीमन्स सोल्स’चा आधार घेतो. फ्रॉमसॉफ्टवेअरने हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला हा गेम २००९ मध्ये प्लेस्टेशन ३ वर आला आणि त्याचा रिमेक ब्लूपॉइंट गेम्सने नोव्हेंबर २०२० मध्ये, प्लेस्टेशन ५ बाजारात आला त्याच दिवशी सादर केला. जुन्याच साहित्याला झळाळी देणे म्हणजे रिमास्टर. येथे मात्र चित्रे, आवाज, अ‍ॅनिमेशन असे दिसणारे-ऐकू येणारे जवळपास सगळे अंग नव्याने घडवले गेले आणि नकाशे, शत्रूंच्या जागा, त्यांचे वागणे यांना शक्यतो हात लावला गेला नाही.

मोजणी

कामाची सुरुवात मूळ कन्सोल आणि मूळ डिस्क मिळवण्यापासून करावी. एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्रावर जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम, सोयीचा असतो, परंतु त्याचा काळ आणि खऱ्या यंत्राचा काळ नेहमी जुळेलच असे नाही. त्यामुळे त्याचा उपयोग जागा शोधण्यापुरता ठेवावा, मोजमाप मात्र खऱ्या यंत्रावरच करावे. मूळ कोड हाती असला, तरी ही पायरी गाळू नये. कोडमध्ये लिहिलेला आकडा आणि खेळाडूच्या हाताला येणारा अनुभव यांच्यामध्ये फ्रेम (पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रे) गळणे, आज्ञा रांगेत थांबणे, टीव्हीचा उशीर अशा अनेक गोष्टी येऊन बसतात.

पद्धत सोपी आहे. सेकंदाला २४० फ्रेम टिपणारा फोन घ्यावा आणि कंट्रोलरवरचे बोट व पडदा दोन्ही एकाच चौकटीत येतील असा तो स्टँडवर पक्का बसवावा. बटण दाबले जाते ती फ्रेम आणि पात्र हलू लागते ती फ्रेम, यांमधल्या फ्रेम मोजाव्यात. प्रत्येक फ्रेम म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. हेच वीस वेळा करून सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि मधला असे तीनही आकडे नोंदवावेत. टीव्ही गेम मोडवर आहे ना, हे आधी पाहावे, नाही तर सगळी मेहनत टीव्हीचा उशीर मोजण्यात जाते.

त्यानंतर प्रत्येक शत्रूच्या प्रत्येक वाराची नोंद करावी : हात उगारल्याची पहिली खूण केव्हा दिसते, वार केव्हा लागू होतो, किती वेळ लागू राहतो, पुन्हा सावध पवित्रा घ्यायला त्याला किती वेळ लागतो आणि शस्त्राची पोच किती आहे. खेळाडूच्या बाजूने लोळण घेण्याचा पूर्ण वेळ, त्यातला इजा न होण्याचा काळ, स्टॅमिना, म्हणजे पात्राचा दम, भरून येण्याचा वेग आणि एक हालचाल संपण्याआधी दिलेली पुढची आज्ञा गेम किती आधीपासून लक्षात ठेवतो, हे सर्व हवे. या शेवटच्या आकड्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. पण ‘मी बटण दाबले होते’ आणि ‘मी उगाच दोनदा दाबले’ या दोन तक्रारींचे मूळ तिथेच असते. सर्व वेळा मिलिसेकंदांत लिहाव्यात, फ्रेममध्ये नव्हे. कारण पुढच्याच पायरीवर फ्रेमचा अर्थ बदलणार असतो.

जुना कोड आणि नवा वेग

प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर आणि आजच्या कन्सोलमधला एएमडीचा प्रोसेसर यांची जातकुळी वेगळी आहे. सेलमध्ये संख्येतील बाइट मोठ्याकडून छोट्याकडे मांडलेले असतात, नव्या यंत्रांत त्याच्या उलट. म्हणून मूळ डेटा फाइल तशीच उघडली, तर १ या संख्येच्या जागी १,६७,७७,२१६ वाचली जाते. अशी चूक निदान लगेच दिसते. सेलच्या सहायक गाभ्यांमध्ये दशांश संख्यांची छाटणी निराळ्या रीतीने होते, त्यामुळे पडणारे बारीक फरक अधिक त्रास देतात. त्यांच्यामुळे एखादा शत्रू कड्याच्या टोकावर जुन्या जागेपेक्षा किंचित पुढे जाऊन थांबतो आणि कधी तरी खालीच पडतो.

शत्रूंची बुद्धी आणि लढाईचे नियम नव्याने लिहावेत की जुनेच नव्या इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, बसवावेत, यावर वाद होतो. माझे मत स्पष्ट आहे : जुना कोड मिळत असेल, तर नियमांचा भाग तोच ठेवावा आणि भोवतीचे चित्र, आवाज, भौतिक हालचाली नव्या कराव्यात. जुन्या कोडमध्ये चुका असतात, पण त्यांतल्या काही चुकांवरच खेळाडूंच्या युक्त्या उभ्या असतात. कोणती चूक ठेवायची आणि कोणती काढायची, हे नंतर एकेक करून ठरवता येते. नव्याने लिहिलेल्या कोडमधून हरवलेली चूक परत आणणे मात्र जवळपास अशक्य असते.

सगळ्यांत मोठा सापळा फ्रेम रेटचा आहे. मूळ गेम सेकंदाला ३० फ्रेमचा, म्हणजे एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची, नवा ६० फ्रेमचा, म्हणजे १६.७ मिलिसेकंदांची. ‘दर फ्रेमला इतके वजा करा’ असे जिथे जिथे लिहिले असेल, तिथे वेग दुप्पट होतो. ‘डार्क सोल्स २’च्या पीसी आवृत्तीत ६० फ्रेमवर शस्त्रांची झीज दुप्पट वेगाने होत होती आणि ती नंतर दुरुस्त करावी लागली. म्हणून संपूर्ण कोडमध्ये फ्रेम मोजणारी प्रत्येक जागा शोधून तिचे वेळेत रूपांतर करावे. झीज, विष, स्टॅमिना, शिडीवरून घसरण्याचा वेग, उडीचे अंतर, काहीही सुटता कामा नये.

वार लागला की नाही, ही तपासणीही फ्रेमशी बांधलेली असते. वेगाने फिरणारी तलवार ३० फ्रेमच्या गेममध्ये एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जणू उडी मारते आणि त्या दोन जागांच्या मधल्या फटीत उभा असलेला खेळाडू वाचतो. ६० फ्रेमवर तीच फट निम्मी होते, म्हणून आकडे अजिबात न बदलताही शत्रूचे वार जास्त लागू लागतात. मूळ गेममध्ये मधल्या जागेची तपासणी होती की नव्हती, हे आधी पाहावे. नसेल, तर त्या वारांची पोच किंचित कमी करून जुन्या आणि नव्या गेममध्ये प्रत्येकी शंभर वेळा तोच वार चुकवून पाहावा.

याच्या विरुद्ध दिशेला खेचणारी गोष्ट म्हणजे उशीर. बटणापासून पडद्यापर्यंत तीन फ्रेम जातात असे धरले, तर जुन्या वेगाने १०० मिलिसेकंद लागत आणि नव्या वेगाने ५० लागतील. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, तेव्हा वाचलेले ५० मिलिसेकंद ही काही किरकोळ रक्कम नव्हे. रिमेक थोडा सोपा होतो. काही डेव्हलपर याची भरपाई म्हणून शत्रूंचे वार जलद करतात. तसे करू नये. वाराचा ठेका हा खेळाडूच्या स्मृतीतला भाग आहे आणि हाताला लगेच मिळणारा प्रतिसाद ही नव्या यंत्राची देणगी आहे. ती खेळाडूलाच मिळू द्यावी.

नवी चित्रे, जुन्या खुणा

जुन्या चित्रांत बारकावे कमी होते, त्याचा एक फायदा होता : शत्रूची आकृती काळ्या कागदातून कापून काढावी तशी ठसठशीत दिसे. रिमेकमध्ये त्याच शत्रूला फाटका झगा, लटकते साखळदंड, मागे हलणाऱ्या सावल्या आणि उडणारी धूळ मिळते, आणि या गर्दीत खांदा मागे गेला आहे हे कळेनासे होते. एका जुन्या खेळाच्या नव्या आवृत्तीवर काम करताना आमची अशीच फजिती झाली होती. भालाधारी शत्रूचा झगा कापडासारखा लहरावा म्हणून आम्ही फार खपलो. तो इतका छान लहरू लागला, की वार करण्याआधी कोपर वाकते ही एकमेव खूणच त्याच्याखाली झाकली गेली. टेस्टर, म्हणजे चाचणीसाठी गेम खेळणारे लोक, गेममध्ये सारखे मरत होते आणि आम्ही भाल्याचे आकडे तपासत बसलो होतो, जे अगदी बरोबर होते. शेवटी झग्याची उजवी बाही कापली आणि प्रश्न मिटला.

तेव्हापासून एक चाचणी मी कधी चुकवत नाही. प्रत्येक शत्रूच्या प्रत्येक वाराचे, हात उगारल्यापासून १०० मिलिसेकंदांनंतरचे स्थिरचित्र घ्यावे, ते एकरंगी करावे, नखाएवढे लहान करावे आणि गेम न पाहिलेल्या माणसाला विचारावे, की हा आता काय करणार आहे. जुन्या चित्रावरून उत्तर येत असेल आणि नव्यावरून येत नसेल, तर चित्रकाराने पुन्हा हात फिरवावा. आवाजालाही हाच न्याय लावावा. अंधाऱ्या तुरुंगात येणारा घंटेचा नाद किंवा दगडावर घासणारे पाऊल ही सजावट नसते, इशारा असतो. नव्या वाद्यवृंदाचे भव्य संगीत त्यावर चढले, तर खेळाडू कानांनी आंधळा होतो. ‘डीमन्स सोल्स’च्या रिमेकमधील संगीत वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन नव्याने ध्वनिमुद्रित झाले, ते भारदस्त आहे, तरी मूळ संगीतातला ओकाबोका, बेचैन करणारा साधेपणा त्यात कमी झाला, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

काय सुधारावे

अडचण आणि आव्हान यांची वेगवेगळी यादी करावी, आणि प्रत्येक बाबीला एकच प्रश्न विचारावा : हे काढले, तर खेळाडूचा एखादा निर्णय नाहीसा होतो का? होत नसेल, तर खुशाल काढावे. मूळ गेममध्ये शत्रूवर नजर रोखलेली असताना चारच दिशांना लोळता येई. रिमेकमध्ये सर्व दिशा खुल्या झाल्या. सामान कुठूनही कोठारात पाठवता येऊ लागले. मृत्यूनंतरचे लांबलचक लोडिंग नव्या कन्सोलमधील एसएसडी या जलद साठवणीमुळे काही सेकंदांवर आले. या बदलांनी कोणाचे शौर्य कमी झाले असे मला वाटत नाही.

उलट दिशेचे उदाहरण जखमा भरणाऱ्या गवताचे आहे. जुन्या गेममध्ये एकेका जातीचे ९९ नग बाळगता येत, त्यामुळे धीराने गवत जमवणाऱ्यासाठी मोठमोठे बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणारे बलाढ्य शत्रूही पुष्कळ नरम पडत. रिमेकने ही संख्या बरीच खाली आणली आणि किती गवत घेऊन निघायचे, हा निर्णय पहिल्यांदाच खरा झाला. असा बदल करताना मात्र पुढच्या प्रत्येक टप्प्याची मोजणी पुन्हा करावी लागते, कारण ढिसाळपणे केलेल्या टप्प्यांची भरपाई तेच गवत करत असण्याची शक्यता असते. पहिला बॉस हरवून काळ्या वस्त्रांतील कुमारिकेशी बोलल्याशिवाय आपल्या पात्राची ताकदीची पातळी वाढवता येत नाही, हा नियम नव्या खेळाडूला जाचक वाटतो. तरी तो ठेवलाच पाहिजे, कारण ढाल आणि संयम शिकवणारा तोच एक धडा आहे.

सोप्या मोडचा निर्णय पहिल्याच महिन्यात घ्यावा. ‘डीमन्स सोल्स’च्या रिमेकने तो दिला नाही, २०२१ च्या ‘घोस्ट्स एन गॉब्लिन्स रिसरेक्शन’ने अवघडपणाच्या चार पातळ्या दिल्या आणि सर्वांत सोप्या पातळीत मेल्या जागीच उठण्याची मुभा ठेवली. दोन्ही मार्ग चालतात. न चालणारी गोष्ट म्हणजे शेवटच्या महिन्यात घाबरून शत्रूंचे आयुष्य सरसकट निम्मे करणे. बटणांची अदलाबदल, मोठी उपशीर्षके, रंगांधळ्यांसाठी वेगळ्या खुणा आणि पडद्याचे हादरे बंद करण्याची सोय हा मात्र या वादाचा विषयच नाही, त्या द्याव्यातच.

ऑनलाइन भागाबद्दल थोडक्यात. मूळ गेमचे सर्व्हर फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झाले आणि इतर खेळाडूंचे संदेश, ते कसे मेले हे दाखवणारे रक्ताचे डाग, मदतीला येणारी त्यांची भुते हे सगळे एका दिवसात गेले. लॅट्रियाच्या मनोऱ्यातील बॉसच्या जागी दुसरा खेळाडू उभा राहतो, ही कल्पना जितकी सुंदर तितकीच सर्व्हरवर अवलंबून. पण जोडणी नसेल तेव्हा त्या जागी संगणकाचे पात्र येते, म्हणून गेम अडत नाही. आपल्या रिमेकमधील प्रत्येक ऑनलाइन प्रसंगाला असा पर्याय आहे का, हे नेटवर्कची तार काढून शेवटपर्यंत खेळून पाहावे.

टेस्टर दोन प्रकारचे निवडावेत : मूळ गेम अनेकदा संपवलेले आणि तो कधीच न पाहिलेले. पहिल्यांना मते विचारू नयेत. त्यांना डोळ्यांवर पट्टी बांधून नुसत्या आवाजावर पहिल्या टप्प्यातील ओळखीचा वार चुकवायला सांगावे आणि बोट केव्हा दाबले जाते, ते नोंदवावे. नव्या टेस्टरांच्या प्रत्येक मृत्यूची जागा, कारण आणि त्यानंतर त्यांनी उच्चारलेले पहिले वाक्य लिहून घ्यावे. ‘माझीच चूक’ असे वाक्य जिथे येते, ती जागा सोडून द्यावी. ‘हे काय झाले?’ असे वाक्य एकाच ठिकाणी तीन जणांच्या तोंडून आले, तर त्या ठिकाणचे चित्रीकरण काढून फ्रेम मोजायला पुन्हा बसावे.