पीएम किसानचा हप्ता अडकलाय? आधी स्टेटस बघा, मग ऑफिस गाठा

शेजाऱ्याला दोन हजारांचा मेसेज आला आणि आपल्याला नाही, म्हणून लगेच तालुक्याची एसटी पकडू नका. आधी मोबाईलवर पीएम किसानची सरकारी साईट उघडा, स्टेटस बघायच्या बटणावर जा, रजिस्ट्रेशन नंबर टाका (नसेल तर तिथंच आधार किंवा मोबाईल नंबरवरून काढता येतो), ओटीपी टाका. त्यात तीन ओळी शोधायच्या: लँड सीडिंग (जमिनीची नोंद योजनेला जोडलीय का), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) आणि आधार बँक सीडिंग (सरकारी पैशासाठी आधार बँकेला जोडलंय का). तिन्हीपुढं येस पाहिजे. जिथं नो दिसतंय तिथंच काम अडलंय, आणि प्रत्येक कामाचं ठिकाण वेगळं. हे कोणी नीट सांगत नाही म्हणून माणसं या दारातून त्या दारात फिरतात आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

ई-केवायसी सगळ्यात सोपं. आधारला मोबाईल लिंक असेल तर घरबसल्या ओटीपीनं होतं, नाहीतर सीएससी सेंटरवर (सरकारी ऑनलाईन कामं करून देणारं गावातलं केंद्र) अंगठा द्यायचा. पण आयुष्यभर खुरपणी केलेल्या म्हाताऱ्या आयांच्या बोटांवर रेघाच उरलेल्या नसतात, मशीन घेतच नाही, मग त्यांना परत पाठवतात. अशा वेळी पीएम किसानच्या ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते, २०२३ पासून ही सोय आहे, सेंटरवाल्याला तसं स्पष्ट सांगा.

खरा घोळ बँकेचा. तुम्ही विचारता, कारकून म्हणतो "आधार लिंक आहे की", आणि तो खोटं बोलत नसतो, पण ती खात्याच्या केवायसीची लिंक असते. सरकारी पैसे जातात ते एनपीसीआयकडं (बँकांमधले ऑनलाईन व्यवहार सांभाळणारी संस्था) तुमच्या आधारपुढं ज्या बँकेचं नाव लागलंय तिथं. ते नाव आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये दिसतं, ॲक्टिव्ह आहे का तेही बघा. कित्येकदा पोरानं मोबाईलवरून कुठलंतरी पेमेंट बँकेचं खातं काढून दिलेलं असतं आणि हप्ते गुपचूप तिकडंच जमा होत असतात, म्हणजे तिन्ही येस असूनही पासबुक कोरं. बँकेत जाऊन "डीबीटीसाठी एनपीसीआयला आधार सीडिंग करायचंय" असंच म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात) आणि फॉर्म भरून द्या. बँक लांब असेल तर पोस्टाच्या पेमेंट बँकेचं खातं काढा, पोस्टमनकडंही होतं, फक्त आधार सीडिंग करून दे म्हणून सांगायचं.

लँड सीडिंग नो असेल तर ताजा ७/१२, ८अ, फेरफार आणि आधारची झेरॉक्स घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर झालेली लागते, नंतर विकत घेतली असेल तर बसत नाही, पण मूळ मालक वारल्यामुळं वारसानं आली असेल तर चालते, म्हणून वारस नोंद लांबवू नका. नव्यानं अर्ज करणाऱ्याला फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) पण लागतो, तोही सीएससीवर निघतो.

नवरा-बायको दोघांच्या नावावर जमीन असली तरी हप्ता एकालाच. इन्कम टॅक्स भरणारे, सरकारी नोकर (चतुर्थ श्रेणी सोडून) आणि महिना दहा हजार किंवा जास्त पेन्शनवाले यात येत नाहीत.

राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे वर्षाला ६,००० वेगळे, २०२३ पासून सुरू. त्याला वेगळा अर्ज नाही, पीएम किसानची यादीच वापरतात, त्यामुळं इथं अडलं की तिकडंही अडतं, म्हणजे दोन्ही योजनांचे मिळून वर्षाचे १२,००० गेले. एवढ्यात खताच्या पोत्यांचं भागतं हो!

आणि व्हॉट्सॲपवर पीएम किसान नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल) आली तर उघडू नका, खातं साफ करतात. शंका असेल तर १५५२६१ ला फोन लावा. ऑफिसात कागद दिला की आपल्या झेरॉक्सवर सही-शिक्का आणि तारखेसकट पोच घ्याच, पुढच्या वेळी टेबलावरचा माणूस बदललेला असतो.