पहिला डायव्ह कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

स्कूबा डायव्हिंगचा कोर्स संपतो, सर्टिफिकेट हातात पडतं आणि आठवड्याभरात मनगटावर नवाकोरा कॉम्प्युटर चढतो, म्हणजे खोली आणि वेळ बघून पाण्याखाली किती थांबता येईल हे सांगणारं यंत्र. तो पहिल्यांदा चालू केला जातो थेट बोटीवर. या एका चुकीवर माझा विशेष राग आहे.

असाच एक नवखा एकदा माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार होता. दिवसातली दुसरी डाइव्ह, खोली २२ मीटर. त्याच्या मनगटावर टीट-टीट सुरू झालं. गड्याने एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग सरळ तळहाताने कॉम्प्युटर झाकून पुन्हा मासे बघायला लागला! हात ओढून पाहतो तर स्क्रीनवर डीको (अंगात साठलेला नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वर येताना सक्तीचा थांबा): ३ मीटरवर ४ मिनिटं थांबा. माझ्याकडे नो-डीकोची, म्हणजे असा थांबा लागण्याआधीची, ९ मिनिटं अजून शिल्लक. हवा पुरेशी होती म्हणून दोघेही निमूट लटकत राहिलो. वर आल्यावर उलगडा झाला. सेटिंग चाळता चाळता त्याने कॉन्झर्व्हेटिझम (कॉम्प्युटरने किती सावध राहायचं ते) सगळ्यात कडक करून ठेवला होता, आणि डीकोचा स्क्रीन कधी पाहिलाच नसल्याने त्याला वाटलं बॅटरी संपतेय. कडक सेटिंगला माझी हरकत नाही, नवख्याला ती बरीच. पण ती आपण लावलीय हे ठाऊक तरी हवं. आणि दोन कॉम्प्युटरचं जमेना, तर जो आधी वर बोलावतो त्याचं ऐकायचं.

माझी सवय सांगतो. नवा कॉम्प्युटर आला की मॅन्युअल घेऊन दोन-तीन संध्याकाळी बसतो. डाइव्ह आधी आखून बघायच्या प्लॅन मोडमध्ये १८ मीटर, ३० मीटर टाकून बघतो. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या टेबलात पहिल्या डाइव्हला १८ मीटरवर नो-डीकोची ५६ मिनिटं मिळतात, ३० वर २०. माझा कॉम्प्युटर किती देतो, वेगळं का देतो, हे घरी कळलेलं बरं. व्हिडिओ बघून दहा मिनिटांत उरकणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

दुकानातही रंगीत स्क्रीनला भुलू नका. हात लांब करा, प्रकाश कमी असेल तिथे उभे राहा. खोली, वेळ, उरलेलं नो-डीको आणि वर येण्याचा वेग एका नजरेत दिसत नसेल, तर बाकीची वीस फीचर्स घेऊन करायचंय काय?

दुसरी चीड आणणारी गोष्ट: दोघांत एक कॉम्प्युटर. ज्या मनगटावर तो आहे त्याचाच नायट्रोजन तो मोजतो. बडी तुमच्या ३ मीटर खाली फिरत होता, किंवा सकाळी एक डाइव्ह जास्त करून आला, हे त्याला कुठून कळणार? दुपारी दुसऱ्याचा मागून घालणं हीसुद्धा तीच चूक. दोन डाइव्हच्या मध्ये बॅटरी बदलणंही टाळा. काही मॉडेल्स सकाळचा हिशेब विसरतात आणि तुम्हाला ताजातवाना समजतात.

बाकी थोडक्यात. बॅटरी स्वतः बदलता येते का, विचारा. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) मोड हवाच. पट्टा जाड वेटसूटवरून बसतो का ते घालून बघा. एअर इंटिग्रेशन (सिलिंडरमधली हवा कॉम्प्युटरवरच दिसणं) पहिल्या वर्षी नसलं तरी चालतं; घेतलंत तरी साधा प्रेशर गेज काढू नका. जुना घेत असाल तर एखाद्या डाइव्हवर खात्रीच्या कॉम्प्युटरसोबत घालून दोघांची खोली ताडून पाहा.