आज गावात बाजार आहे का? कल्पित जगाचं पंचांग बनवताना

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला कालनिर्णय टांगलेलं असायचं. एकादशी बघायला ते जितकं लागायचं, तितकंच दुधाचे खाडे मांडायला. सिलिंडर कधी लावला, दळण कधी आणलं, कोण कधी गावाला गेलं, सगळं आईच्या बारीक अक्षरात त्या चौकटींमध्ये. स्वतःच्या खेळासाठी पहिलं पंचांग बनवायला बसले तेव्हा हे मला आठवलंच नाही, आणि दोन वर्षांची मेहनत वाया गेली. आता नव्याने गेम मास्टर (खेळाचं जग आणि गोष्ट चालवणारे) झालेली मुलं-मुली विचारतात, ‘जगाचं कॅलेंडर कुठून सुरू करू?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचे, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या जातीचे खेळ मी सात वर्षं चालवते आहे; यात प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र होऊन खेळतो. पहिल्या जगाला मी दहा महिने दिले, प्रत्येक महिना 37 दिवसांचा. आकाशात दोन चंद्र: एकाची फेरी 31 दिवसांची, दुसऱ्याची 43 दिवसांची. दोन्ही पौर्णिमा एकाच रात्री येतील तेव्हा समुद्राखालचं देऊळ उघडणार होतं. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. पण 31 आणि 43 या दोन्ही मूळ संख्या, म्हणजे अशी जोडपौर्णिमा एकदा झाली की पुन्हा येणार 1333 दिवसांनी, माझ्या 370 दिवसांच्या वर्षाने साडेतीन वर्षांहून जास्त. आम्ही दर शनिवारी खेळत होतो आणि दोन वर्षांत खेळातले जेमतेम चार महिने सरले. ते देऊळ कधी उघडलंच नाही. वाईट याचं वाटलं की खेळाडूंना त्याची चुटपुटही लागली नाही, कारण आज तारीख काय हे त्यांना एकदाही लक्षात ठेवावं लागलं नव्हतं.

म्हणून आकडेमोडीला हात घालण्याआधी आपल्या खेळात एका बैठकीत किती दिवस जातात ते मोजा. एका गुहेत तीन शनिवार जातात आणि आत एकच दुपार झालेली असते. मी आता दोन मोहिमांच्या मध्ये मुद्दाम एक ऋतू जाऊ देते. ‘पावसाळाभर तुम्ही काय केलंत?’ असा प्रश्न टाकते आणि मग पुढची गोष्ट सुरू करते. वेळ सरकलाच नाही तर सण येणार कुठून?

दुसऱ्या जगात महिना 30 दिवसांचा ठेवला आणि चंद्राची फेरीही नेमकी 30 दिवसांची. खऱ्या चंद्राला अमावास्या ते अमावास्या सरासरी 29.53 दिवस लागतात, बारा चांद्रमासांचे 354 दिवस होतात आणि सौर वर्षाशी अकरा दिवसांची तफावत पडते. ती मिटवायला आपल्याकडे साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना घालतात. खेळात हा व्याप नको. माझ्या जगात तारीख म्हणजेच तिथी. पंधराला पौर्णिमा, तीसला अमावास्या. आठ तारखेचा अर्धा चंद्र मध्यरात्री मावळतो, तेविसाचा मध्यरात्री उगवतो. रात्री किल्ल्याची भिंत चढायची असेल तर खेळाडू स्वतःच हिशोब करतात, ‘परवा तेवीस, बारापर्यंत अंधार मिळेल.’ पहिल्यांदा हे वाक्य कानावर पडलं त्या रात्री मला फार बरं वाटलं होतं. पंचांग त्यांच्या हातात गेलं होतं.

पण फक्त सुबक गणित असलं की जग खेळण्यातलं वाटायला लागतं. थोडा शिलकीचा हिशोब राहू द्या, आणि त्या शिलकीभोवती माणसांना काहीतरी करू द्या. अधिक महिना हे मुळात गणिताचं ठिगळ, पण आपण त्याचा धोंड्याचा महिना केला, जावयाला बोलावून 33 अनारसे दिले. 2023 मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा घराघरांत ‘यंदा दोन श्रावण, मग उपवास कुठल्या श्रावणातले धरायचे?’ ही चर्चा चालली होती. तसंच पारशी पंचांग पाहा. प्रत्येकी तीस दिवसांचे बारा महिने, महिन्यातल्या प्रत्येक दिवसाला स्वतःचं नाव, आणि वर्षाच्या शेवटी महिन्यांबाहेरचे पाच गाथा दिवस, घरच्या मृतांची आठवण काढायचे. लीप वर्ष धरलं नाही म्हणून मुंबईतल्या बहुसंख्य पारशांचं नववर्ष वसंतातून सरकत सरकत ऑगस्टमध्ये आलं आहे. ही रचना मी जवळजवळ तशीच घेतली. माझ्या जगातही 360 दिवस महिन्यांचे आणि पाच दिवस कुणाचेच नाहीत. त्या पाच दिवसांत कर्ज वसूल करता येत नाही, कारण दस्तावर तारीखच घालता येत नाही. या एका ओळीतून माझ्या टेबलावर दोन आख्ख्या मोहिमा निघाल्या.

आठवडा ठरवताना मी बाजारापासून सुरुवात केली. आपल्याकडे कुठल्या गावाचा बाजार कुठल्या वारी हे आजूबाजूच्या दहा गावांना पाठ असतं. माझ्या खोऱ्यात बाजाराची पाच गावं आहेत, व्यापाऱ्यांची बैलगाडी रोज एकेका गावी जाते आणि सहाव्या दिवशी बैलांना विसावा. झाला सहा दिवसांचा आठवडा. तिसात सहा पाच वेळा बसतात, त्यामुळे त्यांतल्या करंजवेळ गावाचा बाजार कायम 1, 7, 13, 19 आणि 25 लाच. आठवडा लांबवण्याचा मोह झाला तर फ्रेंच क्रांतीनंतरचं पंचांग आठवा. 1793 पासून तिथे दहा दिवसांचा आठवडा आला, म्हणजे विसावा सातव्याऐवजी दहाव्या दिवशी. कष्टकऱ्यांना तो जाचला, आणि 1806 उजाडताच ते पंचांग गुंडाळलं गेलं. कॉम्प्युटरवरचा खेळ बनवणाऱ्यांनी तर याहून सोपं ठेवावं. ‘स्टारड्यू व्हॅली’त प्रत्येक ऋतू 28 दिवसांचा आणि वर्ष 112 दिवसांचं आहे. 28 ला सातने भाग जातो, म्हणून पाच तारखेला नेहमी शुक्रवारच. खेळणाऱ्याला महिना आपोआप पाठ होतो.

आता सण. माझा सगळ्यात जास्त जीव यात आहे.

नवीन मंडळी सण बनवताना आधी देव ठरवतात, मग त्याची कथा, मग मिरवणूक. मी सांगेन, आधी काम ठरवा. आमच्या कोल्हापूरकडे बैलांचा बेंदूर आषाढात असतो. सीमेलगतचा कर्नाटकी बेंदूर त्याच्याही आधी, ज्येष्ठात. विदर्भ-मराठवाड्यात पोळा श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला, आणि काही भागांत तो भाद्रपदाच्या अमावास्येला, भादवी पोळा म्हणून. तेच रंगवलेली शिंगं, तीच पुरणपोळी, तोच ‘आज बैलाच्या मानेवर जू नाही’ हा नियम, पण तारखा चार. प्रत्येक भागाने आपला दिवस आपल्या वहिवाटीने धरला आहे. तुमच्या जगात एकाच सणाच्या दोन गावी दोन तारखा असल्या की प्रवासाला निघालेल्या खेळाडूंना आपण खरंच लांब आलो हे न सांगता कळतं.

माझा आवडता सण ‘दोरबंद’. त्याचं बीज नारळी पौर्णिमेत आहे. आपले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि श्रावणी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन पुन्हा दर्यावर जातात. मी समुद्र बंद होण्याचा दिवस घेतला. करंजवेळला वादळाच्या महिन्याच्या एक तारखेला गावातली सर्वात वयस्क बाई शेवटच्या होडीच्या दोराला गाठ मारते. चाळीस दिवस ती गाठ कुणी सोडायची नाही. त्या दिवशी घरोघरी वर्षातलं शेवटचं ओलं मासळीचं कालवण होतं, त्यानंतर फक्त सुकं. मीठ महागतं. धाकट्या मुलांना जाळी दुरुस्तीला बसवतात.

खेळाडू तिथे पोचले तीन तारखेला, पलीकडच्या बेटावर जायची घाई घेऊन. बंदरात ओळीने पालथ्या होड्या आणि त्यांवर वाळत घातलेली जाळी. एकाने थैलीतली सगळी नाणी काढून नावाड्यापुढे ठेवली. नावाडी म्हणाला, ‘पैसे घेईन हो, पण गाठ म्हातारीची आहे.’ टेबलावर एकदम शांतता पसरली. मग आमच्यातली चोराचं पात्र खेळणारी मैत्रीण हळूच म्हणाली, ‘आपण मागच्या गावात चार दिवस उगाच घालवले ना?’ दुसऱ्या शनिवारी ती स्वतःची चौकटीची वही घेऊन आली आणि तेव्हापासून तारीख तीच सांगते.

सणाचा दिवस असा कशाच्या तरी आड आला पाहिजे. काय बंद आहे, काय महाग झालं, कुणाला आज ‘नाही’ म्हणता येत नाही, कुणाला या सणाचा राग आहे, एवढं माहीत असलं की कथा मागाहून सुचते. राग विसरू नका. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतींची, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते, ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत लोक वर्षभराची रोगराई आणि संताप गावाबाहेर नेतात. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांवर, त्या वर्षीच्या चिडीच्या गोष्टी लिहिलेल्या असतात. तुमच्या गावात तो पुतळा कुणाचा असेल? माझ्या खेळात एका वर्षी तो खेळाडूंचाच निघाला, कारण त्यांनी पूल पाडला होता.

एकाच शहरात दोन पंचांगंही ठेवून पाहा. रमजान दर सौर वर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो आणि 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. शेजाऱ्याचा सण मात्र ऋतूला बांधलेला. माझ्या जगात अशा दोन वस्त्यांचे मोठे दिवस आजोबांच्या काळी एकदा एकत्र आले होते, आणि म्हातारी माणसं त्या वर्षाबद्दल अजून बोलतात.

नावांवर फार वेळ घालवू नका, पण ती एका नियमाने द्या. आपल्या महिन्यांची नावं पौर्णिमेच्या आसपासच्या नक्षत्रांवरून पडली: चित्रेवरून चैत्र, विशाखेवरून वैशाख. शेतकरी पावसाला नक्षत्रावरून ओळखतो. 7 जूनच्या सुमारास मृग निघतो, पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मीही राजधानीच्या दस्तांत एक नाव आणि शेतात दुसरं, अशी दुहेरी नावं ठेवली आहेत. एनपीसी (गेम मास्टरच्या तोंडून बोलणारं पात्र) कुठलं नाव वापरतो त्यावरून तो कुठल्या बाजूचा हे खेळाडू ओळखायला लागले.

सण पाचसहाच पुरे. उरलेल्या चौकटी मोकळ्या सोडा. आमच्या वहीत दिवाळीसारखा मोठा सण एकच आहे, बाकी छोटी टिपणं: ‘इथे घोडा विकला’, ‘पुजाऱ्याशी भांडण’, ‘उधारी 12 नाणी’. तिसऱ्या वर्षी 19 तारखेला नदीच्या उतारावर आमच्या एका खेळाडूचं पात्र वाहून गेलं. खेळातलं एक वर्ष सरलं आणि तीच तारीख आली, तेव्हा वहीवाली मैत्रीण म्हणाली, ‘आज आम्ही चूल पेटवणार नाही.’ मी काहीच ठरवलं नव्हतं. उताराजवळच्या गावकऱ्यांनीही त्या रात्री चूल पेटवली नाही, असं मी सांगितलं आणि ते माझ्या वहीत लिहिलं.

यंदा नव्या पाचजणांचा गट त्याच खोऱ्यात खेळतो आहे. मागच्या शनिवारी ते 19 तारखेला त्या गावात शिरले, भुकेले, आणि एकाही घरातून धूर निघत नव्हता.