ट्रायथलॉनमधून रोड रेसिंगकडे: सोलापूरच्या रस्त्यावर चाक धरायला कसं शिकायचं

ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि पळणं) करून आलेल्या सायकलस्वाराकडे दम भरपूर असतो. दीड-दोन तास एकाच जोरात मारत राहणं त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. अडतं ते दुसऱ्याच्या चाकामागे बसायला, कारण बहुतेक ट्रायथलॉनमध्ये तेच नियमाने बंद. आयर्नमन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये हौशी स्पर्धकालाही पुढच्यापासून 12 मीटर लांब राहावं लागतं, नाहीतर दंड. रोड रेसमध्ये 12 मीटर मागे पडलात की वारा सगळा तुमच्या छातीवर.

म्हणूनच या वाटेने आलेल्यांनी मोठी बाजी कुठे मारली ते बघा. अमेरिकेची क्रिस्टिन आर्मस्ट्राँग आधी ट्रायथलॉन करायची. 2001 मध्ये दोन्ही खुब्यांची झीज निघाली, पळणं सुटलं आणि ती सायकलिंगकडे वळली. 2008, 2012 आणि 2016 अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णं तिच्या नावावर आहेत, तिन्ही टाइम ट्रायलची, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने मारायच्या शर्यतीची. ऑस्ट्रियाची गणितज्ञ आना कीझेनहोफरही ट्रायथलॉन आणि ड्युॲथलॉनमधून (पळणं आणि सायकल) आलेली. टोकियो ऑलिंपिकची 137 किलोमीटरची रोड रेस 2021 मध्ये तिने जिंकली खरी, पण सुरुवातीलाच बंच, म्हणजे एकत्र चालणारा घोळका, सोडून आणि शेवटचे 40 किलोमीटर एकटीने कापून. तेव्हा पहिल्या वर्षी नाव टाइम ट्रायलला द्या आणि बंचमध्ये बसणं शेजारी शेजारी शिकत राहा.

सायकल

एरोबार (हँडलवरचे, कोपरं टेकून धरायचे पुढे आलेले दांडे) काढून ठेवा, सगळे एकत्र सुटतात त्या शर्यतीत ते चालत नाहीत. बंचमध्ये तसाही ब्रेकवर हात हवा. एरोबारसाठी सीट पुढे सरकवलेली असेल तर ती 3 ते 5 सेंटीमीटर मागे घ्यावी लागेल. इथे एक चूक हमखास होते: सीट मागे घेतात, उंची तशीच ठेवतात. सीट 1 सेंटीमीटर मागे गेली की पायडलपर्यंतचं अंतर साधारण 3 मिलिमीटर वाढतं. तेवढी ती खाली घ्या, नाहीतर दोन आठवड्यांत गुडघ्यामागची शीर ओढायला लागेल. बदलही एकदम नको, आठवड्याला 1 सेंटीमीटर पुरे.

चाक धरणं

आधी दोघेच निघा, एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर, पहाटे. पहिले दोन आठवडे पुढच्याच्या मागे एक सायकल अंतर, मग अर्धी, मग हळूहळू 40-50 सेंटीमीटर. नजर त्याच्या मागच्या चाकावर खिळवू नका. कंबर आणि खांदे बघा, म्हणजे वळणं-थांबणं आधी कळतं. जवळ जाताय असं वाटलं तर ब्रेक दाबू नका, मागचे तुमच्यावर येतील. जरा ताठ बसा, छातीने वारा घ्या, पायडल हलकं फिरवत ठेवा, वेग आपोआप उतरतो. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नका. चाकं घासली तर पडतो तो मागचा.

आणखी एक गोष्ट ट्रायथलॉनवाल्यांना कुणी सांगत नाही. चढावर उभं राहताना सायकल क्षणभर मागे जाते, वीतभर तरी. मागे कुणी असेल तर आधी एक गिअर जड करा, पायडल वरून खाली दाबतानाच उठा.

आडवा वारा

यासाठी सोलापूरसारखी जागा नाही. जून ते ऑगस्ट पाऊस बेताचा, पण पश्चिमेचा वारा दिवसभर. तुळजापूर रस्ता साधारण उत्तरेला जातो, म्हणजे हिप्परग्याकडे जाताना वारा डावीकडून आणि परतताना उजवीकडून. वारा डावीकडून असेल तर आडोसा पुढच्याच्या उजव्या मागच्या बाजूला मिळतो, म्हणजे थेट ट्रकच्या बाजूला. जाताना हा सराव करूच नका, सरळ एका रेषेत चला. परतताना आडोसा डावीकडे असतो. तेव्हा चौघांनी तिरकी रांग धरावी, जागा फक्त डावीकडची कडेची पट्टी. पुढच्याने 30 सेकंद ओढायचं, मग वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, हातभर सरकून मागे यायचं. उजवीकडे सरकण्याआधी मागे वळून बघा. पट्टी अरुंद झाली की रांग मोडा.

पायातला झटका

एकसारखा जोर ही ट्रायथलॉनची सवय. रोड रेसमध्ये वळणावळणाला 10 सेकंदांचे झटके बसतात आणि नवखे तिथेच सुटतात. आठवड्यातून एकदा 40 सेकंद जोरात, 20 सेकंद हलकं, असं 10 वेळा. मध्ये 5 मिनिटं सैल आणि पुन्हा, एकूण तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी तुळजापूरच्या घाटात 3 मिनिटांचे पाच चढ. पोहणं आठवड्याला एकदाच ठेवा, खांद्यांवरचं मांस घाटात ओझं होतं.

खाण्याचंही नव्याने शिकावं लागतं. एरोबारमधल्या नळीने पाणी ओढायची सवय असते, पण बंचमध्ये एक हात सोडून बाटली काढायची, नजर समोर. तासाला 60 ग्रॅम कर्बोदकं धरा: एक केळं साधारण 25 ग्रॅम, सुपारीएवढे दोन गुळाचे खडे साधारण 20, उरलेलं बाटलीतल्या साखर-मिठाच्या पाण्यातून. एप्रिल-मेमध्ये 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या दीड तासही पुरत नाहीत. शेंगा चटणी-भाकरी घरी आल्यावर.

बाभळीचे काटे आणि उसाच्या ट्रॉल्या

गळीत हंगामात पहाटे अंधारात निघू नका. ट्रॉलीला मागे दिवा असेलच असं नाही आणि रस्त्यात पडलेला ऊस पुढच्या चाकाला आडवा पाडतो. बंचमध्ये पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं आणि ओरडायचंही.

टायर 28 मिलिमीटरचा घ्या. ट्यूब असेल तर 70 किलोच्या माणसाला 70-75 पीएसआय पुरे. बाभळीचा काटा बाहेरून उपटला तरी टोक आत मोडून राहतं आणि नवी ट्यूब पाच मिनिटांत बसते. बोटाने चाचपून ते सापडत नाही. कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवा, धागा जिथे अडकेल तिथे टोक आहे. चिमट्याने बाहेर काढा, मगच ट्यूब घाला. ट्यूबलेसवाल्यांनी सीलंट (टायरमधलं भोक बुजवणारं द्रव) उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी बघावं. इथल्या उन्हात ते वाळून टायरच्या आत नुसती साय उरते.